दरीतून वाजलेला भोंगा

काही प्रकरणं कागदावर मिटतात, पण कानातून जात नाहीत. मेढ्यावरून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या घाटातलं ते प्रकरण माझ्या कानात कायमचं बसलं आहे. अजूनही लांबून एखाद्या ट्रकचा लांबलचक भोंगा ऐकू आला, की माझा चहाचा कप ओठांपाशी येऊन थबकतो. घरी पाहुणे जमले की पोरं "ती भोंग्याची सांगा" म्हणून भोवती बसतात आणि आतून आमची सौभाग्यवती म्हणते, "सांगा, पण मागच्या खेपेपेक्षा धुकं जरा कमी घाला." तिचं अगदीच चूक नाही. माझ्या तोंडी ही गोष्ट दर वर्षी थोडी गडद होत आली आहे. इथे मात्र होतं तेवढंच धुकं घालतो. नावं कुणाचीच देत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून त्याच रस्त्यानं जातात-येतात.

सत्तरच्या दशकातला काळ. मी त्या डोंगरी भागातल्या एका लहान ठाण्यावर फौजदार होतो. पावसाळ्यात आमची कामं ठरलेली: दरड कोसळली, गुरं वाहून गेली, गाडी दरीत गेली. ठाण्याचं छप्पर असं गळायचं, की कोठडीपेक्षा मुद्देमालाची खोली कोरडी असे आणि आमचे हवालदार दया येऊन आरोपीला मुद्देमालाशेजारी बसवत. हे हवालदार वयानं मोठे, देवभोळे आणि माझ्याइतकेच शूर. शेवटचं विशेषण का, ते पुढे कळेल.

श्रावण सरता सरता घाटातल्या एका वळणावर कौलांनी भरलेला ट्रक दरीत गेला. क्लीनरनं उडी मारली म्हणून तो वाचला, ड्रायव्हर जागीच गेला. त्याचा पंचनामा, शवविच्छेदन सगळं रीतसर झालं. ट्रक बाहेर काढायला मालकानं सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावाहून क्रेनवाला बोलावला.

हा क्रेनवाला फौजेतून परत आलेला. लष्करी लिलावातली जुनी गाडी घेऊन तिच्यावर त्यानं जाड तार गुंडाळायचा ढोल बसवला होता आणि घाटाघाटांतून पडलेल्या गाड्या ओढून काढायचा. काम मोठं शिस्तीचं. आधी क्रेनच्या चाकांना दगड लावायचे, तिलाच मागून एखाद्या खडकाला बांधायची. ताणलेल्या तारेवर ओली पोती टाकायची, म्हणजे तार तुटलीच तर चाबकासारखी उसळत नाही. तारेच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही. रस्त्यावर दोन्ही अंगांना लाल फडकं घेऊन एकेक माणूस. हे सगळं तो न चुकता करायचा, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक रीत होती. ज्या दरीत माणूस मेलेला आहे, तिथे हाक मारायची नाही. नाव घेऊन तर नाहीच. हाक मारली तर भलताच कुणी 'ओ' देतो, अशी त्या लोकांची समजूत. म्हणून खाली उतरणारा माणूस आपल्याबरोबर पोत्यात घालून एक बॅटरी आणि ट्रकचा भोंगा न्यायचा. तार अडकवून, खडकाआड सुरक्षित जागी उभं राहून तो भोंगा द्यायचा. एक लांब म्हणजे ओढा. दोन तुटक म्हणजे थांबा.

त्या दिवशी खाली उतरला होता क्रेनवाल्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. भर दुपारच्या आधीची वेळ, पण धुकं असं की रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर स्वतःचे बूट दिसत नव्हते. वर क्रेनवाल्यानं तार ओढली तेव्हा त्याचा मेहुणा खाली ट्रकच्या चाकामागे दगड लावत होता. ट्रक तिरका घसरला आणि तो ट्रक आणि खडकाच्या मध्ये सापडला.

मी पोचलो तेव्हा प्रेत वर आणून घोंगडीवर ठेवलं होतं. वाटसरूंनी हात दिला होता. क्रेनवाला गाडीच्या पायरीवर बसून होता आणि त्याच्या हातात अजून ते ओलं पोतं होतं. मी घटनास्थळाचा पंचनामा करायला खाली उतरलो. उताराभर फुटलेली तांबडी कौलं पसरली होती आणि पांढऱ्या धुक्यात फक्त तेवढाच रंग दिसत होता. मृताच्या जागेपासून थोड्या अंतरावर, उंच खडकावर ते भोंग्याचं पोतं सापडलं. त्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं. गाठ सुटलेली नव्हती.

मी वर आलो आणि क्रेनवाल्याला विचारलं, "इशारा मिळाल्याशिवाय का ओढलंस?"

"मिळाला की साहेब. भोंगा वाजला. एक लांब."

मी ते बांधलेलं पोतं त्याच्यासमोर ठेवलं. तो त्या गाठीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला तो मी बघितला. आमचे हवालदार मागच्या मागे दोन पावलं सरकले.

आकस्मिक मृत्यूची नोंद करून मी परतलो. दोन-तीन दिवसांत मयताचा थोरला भाऊ ठाण्यात आला. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना.

"साहेब, ह्यो अपघात न्हाई."

"का म्हणता असं?"

"आमची आन् त्याची हीर सामायिक हाय. उसाच्या पाण्याच्या पाळीवरनं चैत्रात हातघाई झाली. समद्या गावानं ऐकलंय, त्यो माझ्या भावाला म्हनला, एकदा तुला असा वढीन की परत पाळी मागायला येनार न्हाईस."

"रागात माणूस बोलतो."

"बोलतो आन् मग करतो बी. धुकं व्हतं, कोन बघनार? तुमीच बांधल्यालं पोतं बगितलंसा न्हवं? मग भोंगा वाजवला कुनी, मेल्याल्या डायवरनं?"

प्रश्न बिनतोड होता. मी क्रेनवाल्याला ताब्यात घेतलं. लाल फडकं धरणाऱ्या दोघांचे जबाब घेतले. एक म्हणाला, वाजला. दुसरा म्हणाला, वाजल्यागत वाटलं, वारं व्हतं. दोघेही क्रेनवाल्याच्या भावकीतले, त्यांच्या शब्दाला कोर्टात कितीसं वजन येणार? खून म्हणून कलम लावायचं तर हेतू होता, धमकी होती, संधी होती आणि आरोपीचं म्हणणं उघड खोटं दिसत होतं. कागदावर प्रकरण जवळजवळ पुरं झालं होतं. मला खटकत होतं ते एवढंच, की खोटं बोलणारा माणूस जरा पटण्यासारखं बोलतो. भोंग्याचं पोतं बांधलेलं दिसल्यावर यानं 'माझी चूक झाली, घाईत ओढलं' म्हटलं असतं, तर हलक्या कलमावर भागलं असतं. हा गडी मात्र हटायला तयार नाही.

मी त्याला मुद्देमालाच्या खोलीत, म्हणजे आमच्या त्यातल्या त्यात बऱ्या खोलीत, बसवलं.

"पाण्यावरून भांडण झालं होतं?"

"झालं हुतं."

"ओढीन म्हणालास?"

"म्हनालो. राग आला हुता. राखीपुनवेला बहिनीकडं जेवून आलो आन् मिटवलं."

"त्याला कोण साक्षी?"

"बहीनच. पन ती आता बोलंल का माझ्यासाठी?"

"भोंगा वाजल्यावर एकदा हाक मारून खात्री का केली नाहीस? 'दाजी' एवढंच म्हणायचं होतं."

तो एकदम वर बघून म्हणाला, "तितं हाक मारत न्हाईत साहेब. मानूस मेल्याली जागा ती." मग हळूच म्हणाला, "खालच्या डायवरनं वाजवला. त्याला वर यायची घाई झाली असंल. तसं लिवा, न्हाईतर मला काय ती सजा द्या. पन मी मनानं वढली न्हाई."

दरवाजात उभे असलेले हवालदार मला बाहेर घेऊन म्हणाले, "साहेब, खरं बोलतोय त्यो. असं हुतं." मी त्यांना ऐटीत म्हणालो, "हवालदार, भारतीय दंडविधानात भुताला आरोपी करायची सोय नाही." ह्या वाक्यावर मी त्या दिवशी फार खूश होतो. दुसऱ्या दिवशी ते मला महागात पडलं.

त्याच संध्याकाळी त्यांच्या कृष्णाकाठच्या गावी जाऊन मी क्रेनवाल्याच्या बहिणीला भेटलो. ती भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "भाऊ सणाला जेवायला आला होता? भांडण मिटलं होतं?"

"मिटलं हुतं," ती म्हणाली. "पन मनात काय ऱ्हायलं हुतं, ते मला काय ठावं साहेब? बांधल्याल्या पोत्यातनं भोंगा वाजतोय व्हय? मला एवढं सांगा, माझ्या कपाळाला दादानं हात लावला का न्हाई. दोनातलं येक सांगा, म्हंजी मी रडाय मोकळी."

खून की अपघात हे कोर्ट ठरवणार होतं. पण ह्या बाईला भाऊ उरतो की तोही जातो, हे माझ्या तपासावर अवलंबून होतं. मी तिथून उठलो तो रातोरात थेट घाटाकडे निघालो.

हवालदारांना वर रस्त्यावर, क्रेन उभी होती तिथे ठेवलं. चाकांना लावलेले दगड अजून तसेच होते. मी एकटाच खाली उतरलो. पुन्हा तसंच धुकं, तशीच सकाळ सरत आलेली. खरं सांगायचं तर हवालदारांना मीच म्हणालो होतो, "चला खाली," आणि ते म्हणाले, "वर कोनीतरी पायजे साहेब." वर कोणी का पाहिजे हे मी विचारलं नाही, तेवढा मान राखला.

पायाखाली कौलं कचाकचा फुटत होती. ट्रक खडकाला टेकून एका अंगावर कलला होता. मी केबिनमध्ये डोकं घातलं. आत ओल्या गादीचा आणि डिझेलचा वास. ड्रायव्हरच्या समोर देवाची तसबीर, तिला वाळलेला हार, आणि तो हार हलत होता. वारा असेल. बॅटरीची पेटी चेमटून फुटली होती, तारा तुटलेल्या. तरी मी स्टिअरिंगवरचं बटण दाबून बघितलं. काही नाही. मी मनाशी म्हणालो, हे बटण वाजूच शकत नाही.

आणि भोंगा वाजला.

एक. लांब. अगदी सावकाश, थकल्यासारखा. तो वरून आला नाही. माझ्या खालून, दरीच्या पोटातून आला. जिथे फक्त धुकं होतं आणि खडक.

लोकांना सांगताना मी म्हणतो, की मी ताबडतोब दिशा ताडली. छापून येणार म्हणून इथे खरं लिहितो: मी खाली बसलो. टोपी डोक्यावरून निसटून कौलांवरून घरंगळत गेली, ती सरकारी मालमत्ता आजतागायत त्या दरीत आहे. तोंडातून कुलदैवताचं नाव निघालं, आणि ते अर्धंच निघालं, कारण इथे हाक मारायची नाही हे मला त्याच क्षणी आठवलं! दंडविधानवाला फौजदार तोंडावर हात दाबून बसला होता.

बसल्यामुळेच पुढचं घडलं. उठून पळालो असतो तर पायाखालच्या कौलांच्या आवाजात ते ऐकूच आलं नसतं. भोंगा विरला आणि त्याच दिशेनं, त्याच पोकळीतून, बारीक खणखणाट आला. भांड्यांसारखा. पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखा. मग गिअर बदलल्याचं कण्हणं.

भुतं गिअर बदलत नाहीत, एवढं मला कळत होतं.

मी वर चढलो. रस्त्यावर हवालदार दगडाला पाठ लावून डोळे मिटून पुटपुटत होते. मला बघून म्हणाले, "साहेब, ऐकलंसा?"

"ऐकलं. कुठून आला?"

"दरीतनं. ट्रकापासनंच."

आम्ही तिथेच थांबलो. काही वेळानं तोच खणखणाट आता रस्त्यावरून, खालच्या वळणाकडून जवळ आला आणि धुक्यातून दुधाची गाडी निघाली. मेढ्याकडे दूध पोचवून ती रिकाम्या किटल्या घेऊन रोज ह्या वेळी वर परतायची. मी हात करून थांबवली. ड्रायव्हर उतारवयाचा, कपाळाला अंगारा.

"आत्ता भोंगा वाजवलास का?"

"व्हय साहेब. खालच्या वळनावर देवीचं ठानं हाय न्हवं. तितं द्यावाच लागतो. समदीच देत्यात."

"किती?"

"येकच. लांब. देवीला काय तुटक द्यायचा?"

घाटाचा रस्ता तिथे नागासारखा वळसा घेतो. देवीच्या ठाण्यापासून क्रेनच्या जागेपर्यंत गाडीला यायला बराच फेरा पडतो. पण दरीवरून सरळ बघितलं तर, धुकं नसताना, समोरच्या कड्याखाली ते ठाणं हाकेच्या अंतरावर दिसतं. तिथे वाजवलेला भोंगा कड्यावर आपटून दरीत पडतो आणि वर उभ्या माणसाला पायाखालून येतो. क्रेनवाला उभा होता तो रस्ता त्यानं दोन्हीकडून अडवला होता. पण ज्या रस्त्याचा आवाज त्याला येत होता, तो मोकळाच होता. आणि त्या काळात आमच्या भागातल्या सगळ्या ट्रकांना एकाच जातीचा भोंगा असे.

"त्या दिवशी, माणूस गेला तेव्हा, तू आलास का इथून?" मी विचारलं.

"आलो की. वर आलो तर ही गर्दी. आमीच उतरून हात लावला त्याला वर घ्यायला. लय तरना गडी हुता वो..." बोलता बोलता तो थांबला. माझ्याकडे बघितलं, दरीकडे बघितलं. मग हवालदारांकडे, ते मान खाली घालून उभे. मला काही सांगावं लागलं नाही. किटलीचं एक झाकण निसटून रस्त्यावर गोल फिरत राहिलं.

"म्या तर देवाला वाजवला, साहेब," तो शेवटी म्हणाला.

"तुझी काही चूक नाही," मी म्हणालो. जबाबातही तसंच लिहिलं. पण त्यानंतर, एक वेळ सोडली तर, तो माणूस त्या ठाण्यापाशी कधी भोंगा देत नसे. गाडी थांबवायचा, खाली उतरायचा, हात जोडायचा आणि पुढे जायचा.

आता हे दाखवायचं कसं? मी ठरवलं, की सांगायचं नाही, ऐकवायचं. दोन पंच, मयताचा थोरला भाऊ, बहीण आणि क्रेनवाला, सगळ्यांना त्याच जागी, त्याच वेळेला उभं केलं. काय होणार हे फक्त मला, हवालदारांना आणि दुधवाल्याला ठाऊक. त्याला मी रीतसर विनंती केली होती, की एकदाच, पूर्वीसारखा. तो नाही म्हणत होता. बाईचं सांगितल्यावर कबूल झाला.

थोरला भाऊ क्रेनवाल्याकडे पाठ करून उभा होता. बहीण कडेच्या दगडावर बसली होती, पदर तोंडाला. भावाकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

"काय बगायचं हितं?" थोरला भाऊ करवादला. "धुकं बगायला आनलंय व्हय आमास्नी?"

दरीतून भोंगा आला. एक, लांब.

पंचांपैकी एकानं कानाला हात लावला. थोरला भाऊ झटकन कडेला गेला आणि खाली बघत राहिला, जसं कुणी दिसणार होतं. आणि ती बाई, जिनं इतके दिवस भावाला तोंड दाखवलं नव्हतं, ती वळून एकदम बोलून गेली, "वाजला की रं दादा!"

बोलल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते.

खणखणाट जवळ आला, दुधाची गाडी वर आली, मी सगळं उलगडून सांगितलं. थोरल्या भावानं दोनदा तेच ते विचारलं, मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "मी त्याला खुनी म्हनालो," एवढंच तो म्हणाला. बहीण उठली, कडेला गेली. आम्ही कुणी अडवायच्या आत तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि दरीत हाक घातली, "आवंऽऽऽ!"

नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती, पण हाक त्यालाच होती. कड्यावरून ती परत आली, जरा बारीक होऊन. हवालदारांनी माझा दंड घट्ट धरला. मीही त्यांचा धरला होता, हे सौभाग्यवतीला माहीत नाही.

खटला उभा राहत नाही असं सरकारी वकिलांनीही मत दिलं आणि अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाले. मी मात्र क्रेनवाल्याला सोडताना बजावलं, की रस्ता अडवायचा तो डोळ्यांना दिसतो तेवढाच नाही, कानाला ऐकू येतो तोही. आणि इशारा असा हवा, जो जगात दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नसेल.

नोकरीत मी पुष्कळ लबाड माणसं बघितली, त्यांच्याकडून थोडंफार शिकलो. ह्या प्रकरणात एकही लबाड नव्हता. एकानं देवाला नमस्कार केला, दुसऱ्यानं मेलेल्याचा मान राखून हाक मारली नाही, दोन्ही रीती आपापल्या जागी चांगल्या. त्या दोन्ही एका दरीत भेटल्या आणि मधला माणूस गेला. तेव्हापासून आरोपी पटण्यासारखं बोलत नाही म्हणून त्याला खोटा ठरवण्याआधी, तो उभा होता तिथे जाऊन उभं राहायची मी सवय लावून घेतली. टोपी मात्र घट्ट धरून.

पुढे बदली होऊन मी म्हसवडकडे गेलो. बऱ्याच काळानं एकदा जीपमधून दुसऱ्या एका घाटातून जात होतो. धुक्यात लाल फडकं दिसलं, आम्ही थांबलो. पुढे कुठेतरी क्रेन होती, दिसत नव्हती. पण क्रेनवाल्याचा आवाज मी ओळखला. दरीच्या कडेला उभा राहून तो खणखणीत हाका मारत होता, खाली उतरलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन, आणि खालून प्रत्येकाची "हाय, हाय" अशी 'ओ' येईपर्यंत पुढचं नाव घेत नव्हता. तेवढी 'ओ' आल्याशिवाय तार हलत नव्हती.

पहिलं नाव मात्र त्यानं त्याच्या दाजीचं घेतलं. घेतलं आणि थांबला, माणसाला उत्तर द्यायला लागतो तेवढा वेळ. मग दुसरं नाव.

त्या थांबण्यात मीही जीपमध्ये कान देऊन बसलो होतो.